इंजेक्टर कुठल्या जातीचा आहे ते आधी बघा, मग पाना हातात घ्या

माझे मामा आयुष्यभर ट्रॅक्टर आणि विहिरीवरच्या डिझेल इंजिनांचं नोझल-पंपाचं काम करत आले. इंजिन मिसिंग करायला लागलं की त्यांची पद्धत ठरलेली, इंजिन चालूच ठेवायचं आणि १७ च्या पान्याने एकेका सिलिंडरच्या डिलिव्हरी पाईपचा नट अर्धा फेरा सैल करायचा, ज्याचा नट सैल केल्यावर आवाजात काहीच फरक पडत नाही तो सिलिंडर काम करत नाहीये, विषय संपला. मीही त्यांच्याकडेच सुट्टीत बसून हे शिकलो. पण तीन वर्षांपूर्वी मामेभावाने हाच प्रयोग एका कॉमन रेल, म्हणजे एका दांड्यात प्रचंड प्रेशरने डिझेल भरून ठेवणाऱ्या नव्या पद्धतीच्या पिकअप गाडीवर करायला पाना लावला, इंजिन चालू होतं, आणि मी अक्षरशः ओरडून त्याचा हात मागे ओढला. त्याला वाटलं मी उगाच घाबरतोय. मग बसून त्याला जे सगळं सांगितलं तेच इथे लिहून काढतोय, कारण असं करणारा तो एकटा नाही, चांगले चांगले हात असलेले मिस्त्री पण एका जातीच्या इंजेक्टरची सवय दुसऱ्या जातीवर वापरतात आणि मग एकतर हजारोंचा माल जातो नाहीतर बोट जातं.

इंजेक्टरचं काम एकच आहे, प्रेशरमध्ये असलेलं पेट्रोल किंवा डिझेल नेमक्या वेळी, नेमकं मोजून आणि बारीक फवारा करून इंजिनला देणं. शेतात फवारणी केलेल्या माणसाला हे लगेच कळेल, पंपाचं प्रेशर चांगलं आणि नोझल स्वच्छ असेल तर धुकं पडतं, नोझलमध्ये कचरा असेल तर एका बाजूला धार लागते आणि एका बाजूला पान कोरडं राहतं. इंजिनच्या आत पण अगदी हेच होतं. धुकं जळतं, थेंब नीट जळत नाही. धूर, पडलेलं अ‍ॅव्हरेज, झटके, गाडीने पिकअप न घेणं, यातल्या बऱ्याच तक्रारी शेवटी थेंब पडतोय की धुकं पडतंय इथे येऊन थांबतात.

फरक आहे तो प्रेशरमध्ये, आणि तो आकड्यात कळला पाहिजे. कारच्या टायरमध्ये आपण ३२-३३ पीएसआय हवा भरतो म्हणजे सव्वादोन बारच्या आसपास. साध्या पेट्रोल गाडीच्या इंजेक्टरला मिळतं ३ बारच्या आसपास, म्हणजे टायरपेक्षा थोडंच जास्त. डायरेक्ट इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत १०० ते २०० बार, नवीन इंजिनांत ३५० पर्यंत. ट्रॅक्टरचं नोझल साधारण २०० बारला उघडतं. आणि कॉमन रेल डिझेलमध्ये पूर्ण जोर लागतो तेव्हा साधारण १६००, नवीन इंजिनांत २००० च्या वर. १६०० बार म्हणजे नखाएवढ्या जागेवर दीड टनापेक्षा जास्त वजन. हे आकडे डोक्यात राहिले तर पुढची अर्धी काळजी आपोआप घेतली जाते.

तुमच्या गाडीत कुठला आहे ते कसं ओळखायचं

पेट्रोल गाडी २००० ते २०१५ मधली साधी असेल तर जवळजवळ नक्की एमपीएफआय, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला एक इंजेक्टर आणि तो इनटेक मॅनिफोल्डवर, म्हणजे सिलिंडरला हवा नेणाऱ्या नळ्यांवर, वॉल्व्हच्या मागे फवारा मारतो. जुन्या मारुतीच्या डिकीवर एमपीएफआयचा स्टिकर असायचा तो हाच. बॉनेट उघडलं की एक नळी दिसते, तिलाच रेल म्हणतात, तिला चार इंजेक्टर खोचलेले आणि प्रत्येकाला दोन वायरचा छोटा कनेक्टर. गाडीवर टीएसआय, जीडीआय, टीजीडीआय असं लिहिलेलं असेल तर ते डायरेक्ट इंजेक्शन, इंजेक्टर थेट सिलिंडरच्या आत मारतो आणि बऱ्याचदा मॅनिफोल्ड काढल्याशिवाय तो दिसत पण नाही. बीएस६ बाईक किंवा स्कूटर असेल तर एमपीएफआयचाच लहान भाऊ, थ्रॉटल बॉडीजवळ, म्हणजे हवेच्या झडपेजवळ, एकच इंजेक्टर.

डिझेलमध्ये इंजेक्टरच्या डोक्यावर वायर आहे का ते बघायचं. वायर नाही, नुसता जाड लोखंडी पाईप आणि बारीक रिटर्नचा पाईप, तर जुना मेकॅनिकल. वायर आहे आणि सगळे जाड पाईप एका आडव्या लोखंडी दांड्याला जोडलेत, तर कॉमन रेल. सीआरडीआय, डीडीआयएस, डिकॉर, एमहॉक, मल्टीजेट, टीडीसीआय ही सगळी कंपन्यांनी ठेवलेली नावं, आत तत्त्व एकच. वायर आहे पण रेलही नाही आणि बाहेर जाड पाईपही नाहीत, तर फोक्सवॅगन ग्रुपचं जुनं १.९ टीडीआय पंप-ड्यूझे असण्याची शक्यता, त्यात प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावरच त्याचा स्वतःचा पंप असतो, कॅमशाफ्ट त्याला दाबतो आणि २००० बारच्या आसपास प्रेशर तिथल्या तिथे तयार होतं. ते इंजिन दणकट होतं पण कॅमची झीज आणि ऑईलचा ग्रेड दोन्ही सांभाळावं लागतं. आपल्याकडे आता फार दिसत नाही म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

एमपीएफआयचा इंजेक्टर आतून

हा सगळ्यात समजायला सोपा आणि घरच्या माणसाने हात लावण्यासारखा. वरून पेट्रोल आत येतं, तोंडावरच एक छोटी जाळी असते, तिच्याखाली तांब्याच्या तारेची कॉइल, कॉइलच्या मध्ये एक लोखंडी तुकडा आणि त्याला जोडलेली नीडल किंवा छोटा गोळा. स्प्रिंग त्या नीडलला खाली सीटवर दाबून धरते म्हणून पेट्रोल बंद. कॉइलमध्ये करंट गेला की ती चुंबक होते, नीडल वर उचलते, पेट्रोल खालच्या बारीक भोकांतून बाहेर, करंट बंद झाला की स्प्रिंग पुन्हा बंद करते. नीडल उचलते किती तर मिलिमीटरचा दहावा भाग, डोळ्याला दिसणार पण नाही.

यात एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. १२ व्होल्ट इंजेक्टरला चावी ऑन असताना कायम मिळत असतात, ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, काम करतो तो दुसऱ्या वायरला अर्थ देऊन. म्हणजे टेस्ट लाईट लावून एका वायरला करंट दिसला म्हणून इंजेक्टर चालू आहे असं समजू नका, खरा खेळ अर्थच्या बाजूला आहे. आयडलला तो साधारण २ ते ४ मिलिसेकंद उघडा असतो आणि पेट्रोल किती द्यायचं हे ईसीयू फक्त या उघड्या वेळेवरून ठरवतो, प्रेशर त्याने गृहीत धरलेलं असतं. म्हणूनच पंप कमजोर झाला किंवा फिल्टर तुंबला तरी लक्षणं अगदी इंजेक्टर खराब झाल्यासारखी येतात आणि लोक इंजेक्टर बदलून बसतात. आधी प्रेशर गेज लावून घ्या, मग इंजेक्टरवर आळ घ्या.

हिशोब करून बघा, २००० आरपीएमला फोर स्ट्रोक इंजिनात एक इंजेक्टर मिनिटाला १००० वेळा उघडतो, तासाला ६०,००० वेळा. पुणे ते कोल्हापूर एकदा जाऊन आलात तर एकेका इंजेक्टरने चार-पाच लाख वेळा उघडझाप केली. इतकं काम करणारी वस्तू लाखभर किलोमीटर कुरकुर न करता चालते याचं मला अजूनही कौतुक वाटतं, आणि म्हणूनच वर्षाला एकदा सर्व्हिसिंगमध्ये सरसकट इंजेक्टर क्लीनिंगचे पैसे लावतात ते मला पटत नाही. तक्रार नसेल तर हात लावू नका.

याचा इतिहास पण थोडा सांगतो. बॉशची डी-जेट्रॉनिक नावाची इलेक्ट्रॉनिक सिस्टीम १९६७ मध्ये फोक्सवॅगन १६०० वर आली, त्यानंतर १९७३ च्या के-जेट्रॉनिकमध्ये इंजेक्टर चक्क सतत फवारत राहायचे, उघडझाप नाहीच, कमी-जास्त फक्त पेट्रोलचं प्रमाण व्हायचं. मधल्या काळात कार्ब्युरेटरच्या जागी एकच इंजेक्टर बसवलेली थ्रॉटल बॉडी सिस्टीम पण होती, पण चार सिलिंडरना एकाच जागेवरून सारखं वाटप होत नाही म्हणून ती मागे पडली.

घरच्या घरी तपासणी, एमपीएफआयसाठी

पहिली तपासणी कानाने. इंजिन चालू ठेवून लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजेक्टरच्या अंगाला टेकवा आणि मुठीला कान लावा, फॅन आणि बेल्टपासून बाही, ओढणी, केस लांब ठेवून. स्पष्ट टिक-टिक-टिक ऐकू आली पाहिजे. चारही ऐका. एक जर मंद येत असेल किंवा गप्प असेल तर तो संशयित. एकदा एका जुन्या वॅगनआरवर मी हे करत होतो, तीन इंजेक्टर घड्याळासारखे वाजत होते आणि तिसऱ्या नंबरचा मधूनच एक ठोका चुकवायचा, कनेक्टर हलवला तर ठोका परत यायचा. बघितलं तर उंदराने वायरचं प्लास्टिक कुरतडलं होतं आणि आतली तार हिरवी पडली होती. मालक इंजेक्टर बदलायच्या तयारीत आले होते आणि काम झालं एका वायरच्या जोडावर.

दुसरी तपासणी, इंजिन आयडलला असताना एकेक कनेक्टर काढून बघायचा. आरपीएम पडला पाहिजे आणि इंजिन थरथरलं पाहिजे. ज्याचा काढल्यावर काहीच होत नाही तो सिलिंडर मुळातच काम करत नव्हता, मग कारण इंजेक्टर असेल, प्लग असेल, ठिणगीची इग्निशन कॉइल असेल किंवा कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबल्या जाणाऱ्या हवेचा दाब कमी असेल. चेक इंजिन लाईट लागेल, नंतर ईसीयूतले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरने तो कोड काढून टाकता येतो. पूर्वी लोक यासाठी प्लगची वायर काढायचे, ते करू नका, ठिणगी नाही पण पेट्रोल चालू राहतं आणि ते कच्चं पेट्रोल जाऊन सायलेन्सरच्या लाईनमधला धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतं. इंजेक्टरचा कनेक्टर काढला तर पेट्रोलच बंद होतं.

तिसरी, इंजिन बंद, कनेक्टर काढलेला, मल्टिमीटर ओहमवर. बहुतेक एमपीएफआय इंजेक्टर ११ ते १६ ओहम दाखवतात. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा पण त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे चारही एकमेकांच्या जवळ पाहिजेत. तीन १२.५ आणि एक ३० किंवा एकदम उघडा दाखवत असेल तर कॉइल गेली, साफ करून काही होणार नाही. स्कॅनरवर पी ०२०१ ते पी ०२०४ कोड आला तर तो त्या त्या नंबरच्या इंजेक्टरच्या वायरिंगचा किंवा कॉइलचा असतो, पी ०३०१ ते ०३०४ आला तर नुसतं मिसफायर, कारण अजून शोधायचंय.

काढायचाच झाला तर इंजिन पूर्ण थंड. पेट्रोल पंपाचा फ्यूज किंवा रिले काढा, इंजिन चालू करा, आपोआप बंद पडू द्या, वर दोन सेकंद सेल्फ मारा, म्हणजे लाईनमधलं प्रेशर उतरलं. मग बॅटरीचा निगेटिव्ह काढा. तरी थोडं पेट्रोल सांडणारच म्हणून खाली जाड फडकं, आणि आसपास बिडी-सिगारेट, चालू हिटर, देवाची समई काही नको, बंद गॅरेजात हे काम करू नका. रेल सरळ वर उचला, वाकडी करून ओढली तर खालच्या ओ-रिंगचा तुकडा मॅनिफोल्डमध्ये पडतो आणि मग नसती उठाठेव.

साफ करताना भोकात तार, सुई, पिन काहीही घालायचं नाही. ही चूक इतके लोक करतात की सांगता सोय नाही. ठिबकच्या ड्रिपरमध्ये पिन घातली तर तो परत कधी सारखं पाणी सोडत नाही, इथे तर भोकं त्याहून कितीतरी बारीक आणि माप नेमकं. चांगलं काम म्हणजे अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये, आणि तिथेही इंजेक्टर पल्स देऊन उघडझाप करत ठेवलेला पाहिजे, नुसता बुडवून ठेवला तर आतली घाण आतच. नंतर टेस्ट बेंचवर चार काचेच्या नळ्यांत किती पेट्रोल पडतं ते बघायचं, चारही नळ्यांत पातळी जवळपास सारखी आणि फवाऱ्याचा आकार सारखा. बेंचवर अजून एक गोष्ट बघून घ्या, प्रेशर चालू आणि पल्स बंद असताना टोकाला थेंब जमतोय का. थेंब जमत असेल तर तो गळका, गाडी गरम असताना पाच-दहा मिनिटं बंद करून परत सेल्फ मारल्यावर बराच वेळ घेते ती तक्रार याचीच असू शकते. बॅटरीचे १२ व्होल्ट थेट लावून साफ करायची सवय असेल तर क्षणभर टेकवा आणि सोडा, धरून ठेवलं तर कॉइल तापून जळते, आणि २-३ ओहमचा कमी रेझिस्टन्सवाला इंजेक्टर असेल तर हे अजिबात नकोच.

बसवताना ओ-रिंग नव्या, वरची जाळी मिळत असेल तर नवी, ओ-रिंगला स्वच्छ इंजिन ऑईलचा नुसता हात, सिलिकॉन-बॉण्ड काही नाही. सगळं जोडल्यावर लगेच सेल्फ मारू नका, चावी दोन-तीनदा ऑन-ऑफ करा म्हणजे पंप प्रेशर भरेल, मग टॉर्च घेऊन चारही जोड बघा, बोट फिरवा, ओलं नाही याची खात्री झाली की मगच इंजिन चालू.

बाईक आणि स्कूटरवाल्यांसाठी

१ एप्रिल २०२० पासून बीएस६ आलं आणि कार्ब्युरेटर जवळजवळ सगळ्या नव्या दुचाकींतून गेला. तेव्हापासून मिस्त्री लोकांचा एक गैरसमज मी सारखा ऐकतो की एफआयची, म्हणजे इंजेक्टरवाली बाईक साफ करायची म्हणजे थ्रॉटल बॉडीत स्प्रे मारायचा. त्याने हवेचा रस्ता साफ होतो, इंजेक्टर नाही. बाईकचा पंप टाकीत पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि पेट्रोलच त्याला थंड ठेवतं, म्हणून रोज रिझर्व्हवर गाडी चालवायची सवय मोडा, पंप तापतो आणि टाकीच्या तळाची घाण पण तोच ओढतो. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. कोकणात किंवा घाटमाथ्यावर पावसाळ्यात दोन महिने उभी राहणारी गाडी असेल तर टाकी अर्धी ठेवू नका, भरून ठेवा, म्हणजे आत दमट हवेला जागा कमी. आणि शक्य असेल तर आठवड्याला एकदा खरंच फिरवून आणा, जागेवर दोन मिनिटं चालू करून बंद करणं कामाचं नाही.

टीएसआय, जीडीआयवाल्यांनो

इथे इंजेक्टरचं टोक थेट ज्वाळेत असतं. ईसीयू त्याला १२ नाही तर सुरुवातीला ६५ व्होल्टच्या आसपास झटका देतो कारण इतक्या प्रेशरविरुद्ध नीडल पटकन उचलायची असते. म्हणून मल्टिमीटरने चारही इंजेक्टर एकमेकांशी ताडून बघणं सोडलं (११ ते १६ ओहमचा आकडा इथे चालत नाही) तर वरच्या घरगुती युक्त्या इथे लागू नाहीत, इंजिन चालू असताना कनेक्टर काढायचा नाही, पाईप सैल करायचा नाही, फ्यूज काढून प्रेशर उतरवल्यावर सुद्धा कंपनीच्या पद्धतीनेच उघडायचं. खालचं टेफ्लॉनचं सील एकदा काढलं की गेलं, नवं बसवायला खास टूल लागतं, हाताने ओढून बसवलं तर कॉम्प्रेशन बाहेर येतं. आणि एक गोष्ट, एमपीएफआयमध्ये पेट्रोल इनटेक वॉल्व्हच्या पाठीवर पडून तो धुऊन निघतो, इथे ते होत नाही त्यामुळे वॉल्व्हवर कार्बन बसतो. टाकीत टाकायचं क्लीनर इंजेक्टरच्या टोकाला थोडंफार उपयोगी पडेल पण त्या वॉल्व्हपर्यंत पोचणारच नाही, बाटलीवर काहीही लिहिलेलं असो.

जुनं मेकॅनिकल डिझेल

मामांच्या दुकानात मला सगळ्यात आवडायचं ते नोझल टेस्टरवर बसायला. एक छोटा हात पंप, वर प्रेशरचं घड्याळ, पुढे इंजेक्टर उलटा लावलेला. दांडा दाबायचा, काटा चढत जायचा, १८०, १९०, २००, आणि एकदम कर्र असा आवाज होऊन टोकातून चार बारीक धुक्याच्या रेषा सुटायच्या. मामा म्हणायचे आवाज ऐक, नोझल बोललं पाहिजे. जे बोलत नाही, नुसतं चुर्र करून धार सोडतं, ते बाद. मग १० बार कमी प्रेशरवर दांडा धरून दहा सेकंद थांबायचं, टोक कोरडं राहिलं पाहिजे.

याचं तत्त्व साधं आणि सुंदर आहे. वीज नाही, ईसीयू नाही. पंप प्रत्येक सिलिंडरच्या वेळेला डिझेलचा एक झटका पाईपातून पाठवतो, ते डिझेल नीडलच्या खांद्याला खालून दाबतं, वरून स्प्रिंग दाबत असते. डिझेलचा जोर स्प्रिंगपेक्षा जास्त झाला की नीडल उचलते, झटका संपला की टपकन बसते. किती बारला उघडायचं हे स्प्रिंगच्या टोकाशी असलेल्या पातळ शिमवर, म्हणजे चकतीवर ठरतं, शिम वाढवली की प्रेशर वाढतं. नीडल आणि तिची बॉडी जोडीने घासून बनवलेली असते, मधली फट २-४ मायक्रॉन, म्हणून एका नोझलची नीडल दुसऱ्यात घालायची नाही, चार नोझल एकाच वाटीत धुवायला टाकून नंतर अंदाजाने जोडणारे लोक बघितले की जीव कासावीस होतो. आपल्या नाशिकला सातपूरच्या मायकोच्या, म्हणजे आताच्या बॉशच्या कारखान्यात ही नोझलं बनत आली, आजही जुने मिस्त्री नोझल नाही म्हणत, मायको म्हणतात.

या प्रकारात चालू इंजिनवर नट सैल करता येतो कारण पाईपात साठा नसतो, पंपाने झटक्याला जेवढं थोडंसं ढकललं तेवढंच बाहेर गळतं आणि प्रेशर बनतच नाही. तरी चष्मा घाला आणि बोट आडवं धरू नका. काढून टेस्टरवर लावलेल्या नोझलच्या फवाऱ्यासमोर मात्र हात कधीच नाही, तो फवारा कातडीतून आत जातो.

कॉमन रेल

इथे पंप आणि इंजेक्टरची ताटातूट झाली. पंपाचं काम फक्त रेलमध्ये प्रेशर भरून ठेवायचं, कधी आणि किती मारायचं हे ईसीयू ठरवतो. १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ वर हे कारमध्ये आलं आणि डिझेल गाडीचा खडखडाट एकदम उतरला, कारण एकाच स्ट्रोकमध्ये आधी एक-दोन घनमिलिमीटरचा छोटा पायलट फवारा, मग मुख्य, मग गरज असेल तर नंतरचा, असे तुकडे पाडता येऊ लागले. एक घनमिलिमीटर म्हणजे थेंबाचा पन्नासावा भाग, आणि तो मोजून द्यायचाय केसापेक्षा थोड्याच मोठ्या भोकांतून.

हजार-दीड हजार बारविरुद्ध एवढीशी कॉइल नीडल उचलते कशी, हा प्रश्न मला पण पडला होता. उत्तर असं की ती उचलतच नाही. रेलचं डिझेल नीडलच्या खाली पण असतं आणि वरच्या छोट्या खोलीत पण असतं, दोन्हीकडून दाब असला तरी वरून दाबायची जागा जास्त असते, म्हणून नीडल बसून राहते. कॉइल फक्त वरच्या खोलीचा एक चिमुकला गोळा उचलते, वरचं डिझेल रिटर्नला पळतं, वरचा दाब पडतो आणि खालचा दाब नीडलला वर ढकलतो. म्हणजे दार उघडायचं काम डिझेलच करतं, कॉइल फक्त कडी काढते. पायझो इंजेक्टरमध्ये कॉइलच्या जागी क्रिस्टलचा थर असतो, व्होल्टेज दिलं की तो मिलिमीटरच्या काही शतांशांनी लांबतो आणि कॉइलपेक्षा जलद काम करतो. पायझोचा कनेक्टर चालू इंजिनवर ओढला तर तो लांबलेल्याच स्थितीत अडकून डिझेल ओतत राहू शकतो आणि पिस्टनला भोक पडू शकतं, म्हणून तो प्रयोग कधीच नाही.

आता तो गोळा आणि त्याची सीट डोळ्यासमोर आणा. त्यावर पाण्याचा किंवा वाळूचा एक कण बसला की सीट झिजते आणि डिझेल कायम रिटर्नला गळत राहतं. मग सकाळी सेल्फ मारला तरी रेलमध्ये पुरेसं प्रेशर बनत नाही, गाडी चालू होत नाही, पी ००८७ म्हणजे रेल प्रेशर कमी असा कोड येतो आणि गॅरेजवाला पंप बदला म्हणतो. माझ्या मित्राला एका मोठ्या गॅरेजने चार इंजेक्टर आणि पंप मिळून लाखाच्या वरचा आकडा सांगितला होता. आम्ही रिटर्न टेस्ट केली आणि एकच इंजेक्टर निघाला.

रिटर्न टेस्ट म्हणजे प्रत्येक इंजेक्टरच्या बारीक रिटर्न टोकाला पारदर्शक नळी लावून चार सारख्या बाटल्यांत सोडायची, मूळ रिटर्न लाईनचं तोंड बंद करायचं, इंजिन आयडलला काही मिनिटं चालवायचं आणि बाटल्या शेजारी शेजारी ठेवून बघायचं. आमच्या वेळी तीन बाटल्यांत तळाला दोन बोटं डिझेल आणि चौथी निम्म्याच्या वर. ही बाजू कमी प्रेशरची असते म्हणून जमतं, पण नळ्या-क्लिप जोडणं-काढणं इंजिन बंद ठेवूनच, आणि पायझोवर ही टेस्ट अशी करू नका कारण त्याच्या रिटर्नला मुद्दाम प्रेशर ठेवलेलं असतं.

जाड पाईपाच्या बाजूला गळती शोधायची असेल तर हाताने चाचपायचं नाही, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवायचा. आणि डिझेल बोटात घुसलंच तर जखम डास चावल्याएवढी दिसते, दुखत पण नाही सुरुवातीला, तरी हळद लावून घरी बसू नका, लगेच सर्जन असलेल्या हॉस्पिटलात जा आणि हाय प्रेशर डिझेल घुसलंय असं स्पष्ट सांगा. आतलं मांस सडत जातं आणि उशीर झाला तर बोट काढावं लागतं. मामेभावाला मी ओरडलो ते यासाठी.

इंजेक्टर वाचवायचा तर फिल्टर वेळेवर आणि चांगल्या कंपनीचा, फिल्टरखालचा पाण्याचा नळ पावसाळ्यात महिन्याला एकदा सैल करून पाणी काढा, डॅशवर पाण्याचा दिवा लागला तर घरापर्यंत जाऊ म्हणू नका. फिल्टर बदलल्यावर एअर हाताच्या प्रायमिंग पंपाने किंवा चावी ऑन-ऑफ करून काढा, जाड पाईप सोडून नाही.

इंजेक्टर काढायच्या आधी कुठला कुठल्या सिलिंडरचा होता ते मार्करने लिहा. परत बसवताना खालचं तांब्याचं वायसर नवं आणि त्याच जाडीचं, जाडी बदलली की टोक आत-बाहेर होतं आणि फवारा चुकीच्या जागी पडतो. सीट स्वच्छ नसेल तर कॉम्प्रेशन बाजूने वर येतं, फुस-फुस आवाज येतो आणि इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा थर जमतो, असा थर दिसला तर गाडी तशीच पळवू नका, पुढे इंजेक्टर हेडमध्ये असा जाम होतो की तो काढायचा खर्च नव्या इंजेक्टरएवढा होतो.

बऱ्याच इंजेक्टरांच्या अंगावर अक्षरं-आकड्यांचा एक कोड असतो, तो म्हणजे कारखान्यात मोजलेली त्याची स्वतःची बारीक चूकभूल. नवा किंवा रिपेअर केलेला इंजेक्टर बसवला की तो कोड स्कॅनरने ईसीयूत घालावाच लागतो, नाहीतर नवा माल असून इंजिन टकटक करतं आणि धूर मारतं. कॅलिब्रेशनवाल्याकडे इंजेक्टर दिले तर परत घेताना बेंचचा रिपोर्ट मागा, त्यात आयडल, फुल लोड आणि रिटर्नचे आकडे प्रत्येक इंजेक्टरचे वेगळे पाहिजेत, जुने काढलेले वॉल्व्ह आणि नोझल पिशवीत घालून परत घ्या, आणि कोड बदलला असेल तर तो कागदावर लिहून गाडीच्या पुस्तकात चिकटवून ठेवा.